कलम अकरा

मे महिना. सिव्हिल लाइन्सच्या ज्या ऑफिसात
कुलरला नवी खस बसवतात
आणि पाणी घालायचं विसरतात,
तिथे माझ्या टेबलावर करारनामा आला.
चव्वेचाळीस पानं. मराठी प्रत सोमवारी.

पक्ष तीन.
बुटीबोरीचा चिपचा कारखाना,
भंडाऱ्याचं तंत्रनिकेतन,
आणि रायपूरची प्रयोगशाळा, जिचं नाव
पहिल्या पानावर एक, सहीच्या पानावर दुसरं.

सेमीकंडक्टरला अर्धसंवाहक, हे कोशात होतं.
"म्हणजे काय हो मॅडम?" धकातेबाबूंनी विचारलं.
म्हटलं, कधी वीज जाऊ देतं, कधी अडवतं.
"मंग आपल्या साहेबावानीच," म्हणाले,
आणि तर्रीनं पिवळ्या झालेल्या बोटानं
माझं पान उलटलं.

अडले ते यील्डपाशी.
उत्पन्न म्हटलं तर पैसे वाटतात.
उत्पादकता टायपिस्टला आवडली, मला नाही.
मग बाबा आठवले, हिंगणघाटच्या जिनातले,
मिशांत कापूस घेऊन जेवायला बसणारे:
क्विंटलमागे चौतीस किलो रुई निघाली
की म्हणायचे, उतारा बरा आहे यंदा.
लिहिलं, उतारा.
शंभरातल्या किती चिपा धड निघाल्या, त्याचा उतारा.
साहेबांनी लाल पेनानं गोल केला.
मी शब्द तसाच ठेवला, गोलासकट.

कलम अकरा:
पक्ष परस्परांस सहकार्य करतील.
हे वाक्य मी संत्र्यांच्या कागदात लिहिलंय,
धरणाच्या लिहिलंय, विमानतळाच्या लिहिलंय.
माल बदलतो. वाक्याला घाम येत नाही.
आणि पक्ष म्हणजे कोण एकमेकांचे?
भागीदार म्हटलं की भाग किती, हा प्रश्न.
वाटेकरी म्हटलं की भांडणच ऐकू येतं.
सहयोगी कुणी कुणाला हाक मारत नाही.

शनिवारी लाल बसनं बुटीबोरीला गेले.
शेहेचाळीस डिग्री. हायवेवरून धूळ
उभीच्या उभी चालत होती.

सुकेशिनी गजभिये, शिफ्ट इनचार्ज,
घर इंदोऱ्याला, शिक्षण भंडाऱ्याचं.
"काजळ पुसा ताई. पावडर लावली काय?
मंग काचेच्या बाहेरूनच पाहा."
दोरीवरच्या कपड्यांवर कोराडीची राख झटकत
मोठं झालेलं आमचं गाव,
आणि इथे एक कण पडला की चिप मेली.

पांढरा झगा, टोपी, बूट, हातमोजे.
उरले फक्त डोळे.
आरसा होता भिंतीला, पण आरशात समोरचं दिसतं.
रायपूरची हेमिन साहू म्हणाली, "पाछू घूम,"
आणि सुकेशिनी वळली.
मानेवर निसटलेला एक केस
हेमिननं बोटानं आत सारला,
चेन वरपर्यंत ओढली, मग स्वतः पाठमोरी झाली.
"एकटीनं कोणी आत जाऊन नाही राहिलं इथं," सुकेशिनी म्हणाली,
"नियमच आहे."

काचेपलीकडे तिनं तबकडी उचलून दाखवली.
कांद्याच्या पापुद्र्यासारखी, जांभळी, मग गुलाबी, मग नाहीच.

बाहेर आल्यावर, टोपीचा वळ कपाळावर घेऊन:
"रायपूरचं टेस्टिंग मशीन येणार होतं.
सहा महिने झाले.
तुमच्या कागदात तारीख आहे काय?"

होती एक जागा. पान एकतीस.
तिथे मीच लिहिलं होतं: यथावकाश.

मी काहीतरी बोलले. पाणी मागितलं बहुतेक.

रविवारी कलम अकरा पुन्हा लिहिलं:
पक्ष एकमेकांची पाठ पाहतील.
सोमवारी साहेब चष्मा काढून म्हणाले,
"हे मुळात आहे?"
नाही, म्हटलं.
"आणि पान एकतीसवर ही रिकामी जागा?"
ती तारखेची, म्हटलं. ती मुळात नाही.
लाल पेन बराच वेळ हवेत राहिलं.
कुलर नुसताच फिरत होता.

निघताना धकातेबाबूंनी जिन्यात हाक मारली:
"मॅडम, बॅगेला मागून काहीतरी चिकटून आहे."
पाहिलं तर कारखान्याचं स्टिकर, शनिवारचं,
माझं नाव चुकीचं लिहिलेलं,
आणि खाली छापलेलं, पाहुणे.